बबनरावांनी बुजवलेली गळती

अरे, पत्रकाराला सगळं कळतं म्हणता ना, मग हे ऐका. कुंभार पिंपळगावच्या बबनरावांनी गोदावरीतून माणसं पलीकडे न्यायला जुनी मोटरबोट घेतली. सकाळी पहिलं वऱ्हाड न्यायचं, आणि इंजिन तापून दम सोडून देई. मी भडकून विकणाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. "फसवलंत! बातमी छापतो."

"छापा. इंजिनातून पाण्याची धार पडते का?"

मी गोंधळून बबनरावांकडे पाहिलं.

"पडत होती," ते ऐटीत म्हणाले, "मीच बुजवली."

"अहो, ते इंजिन थंड करून बाहेर पडणारं पाणी होतं!" फोनमधून विकणारा ओरडला.

मी फोन ठेवायला गेलो, तर बबनराव माझ्यावरच उखडले, "जिंदगीभर ट्रॅक्टर चालवून राह्यलो. म्हणे गळणारं इंजिन बराबर! छापाच, बिलकुल सोडू नका याला!"