दहाची खिडकी

ड्रेस्डेनला पीएचडी करताना प्रकाशावर चालणाऱ्या कॉम्प्युटरसाठी मी बनवत असलेल्या लेसर गेटने मला रडवलं होतं. दोन्ही लेसर चालू असले की उत्तर 'एक' यायला हवं, पण रोज सकाळी दहाला हमखास 'शून्य'. तीन आठवडे मी सगळी जोडणी उसवत बसलो. प्रोफेसर म्हणाले, "सोमवारी दहाला दाखव, नाहीतर विषय बदल."

सोमवारी दहाला टेक्निशियन हेर (म्हणजे श्रीयुत) क्लाउस आले आणि रोजच्यासारखी हवा खेळती करायला अर्ध्या तासासाठी खिडकी सताड उघडली. बाहेर उणे आठ. लेसर गारठले, उत्तर शून्य. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

मी म्हटलं, "खिडकी नंतर उघडाल का?"

"खिडकी दहालाच उघडते. तुझा कॉम्प्युटर साडेदहाला लाव."

प्रोफेसर गंभीरपणे म्हणाले, "गेनाऊ." म्हणजे, अगदी बरोबर.

माझ्या प्रबंधातलं एकही मोजमाप साडेदहाच्या आधीचं नाही.