दुसरी किल्ली कोणाकडे

— नाही हो, पासवर्ड तुम्हालाही सांगणार नाही. राग मानू नका. तुम्ही जरा त्या कपाटाकडे तोंड करा, मी टाकतो. माझ्या लेकीनं तुम्हाला पाठवलंय हे कबूल, गळ्यात दुकानाचं ओळखपत्र लोंबतंय हेही कबूल, पण ओळखपत्राचं काय घेऊन बसलात — मी नोकरीत असताना आमच्या साहेबांचं ओळखपत्र कितीतरी महिने शिपायाच्या फोटोवर चाललं, कोणाच्या बापाला पत्ता लागला नाही. झालं. वळा आता. आणि बसा ना, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय आखूड आहे, इकडे बसा. मला वाटलं होतं, दुकानातून कोणीतरी मिसरूड न फुटलेलं येईल आणि ‘आजोबा, माऊस असा धरायचा’ म्हणून मला शिकवेल. तुमचे तर कानाजवळचे केस पिकलेत. बरं वाटलं. पिकलेल्या केसांशी बोलता येतं.

काय सांगितलं तिनं तुम्हाला? बाबांच्या मेलच्या खात्यावर कोणीतरी टपून बसलंय, हेच ना? मलाही फोनवर तेच. ‘बाबा, कोणीतरी सारखं तुमच्या खात्यात शिरायला बघतंय, तुमच्या खात्याला माझा मेल जोडलाय ना, मला इशाऱ्यावर इशारे येताहेत, मीटिंग सोडून उठावं लागतं.’ — आता खात्यात असं आहे तरी काय? डॉक्टरांचे रिपोर्ट, विजेची बिलं, आणि चष्म्याच्या दुकानाच्या शुभेच्छा. ते दुकान माझ्या वाढदिवसाला न चुकता शुभेच्छा पाठवतं. चोरानं नेल्या तरी माझी हरकत नाही, पुढल्या वर्षी नव्या येतील. — काय? नवीन ओळखी? कोणाशी ऑनलाइन मैत्री वगैरे? हे तुम्ही विचारताय की तिनं विचारायला लावलंय? — तिनंच. वाटलंच मला. तिला सांगा, तुझ्या बापाच्या प्रेमात पडायला अजून कोणी बाई धजावलेली नाही, ऑनलाइन नाही आणि जिन्यातही नाही.

आणि मी बेसावध माणूस नव्हे हो. खरा बेसावध माणूस पाहायचाय? समोरचं दार. निवृत्त मुख्याध्यापक. उभी हयात पोरांना ‘शेजाऱ्याच्या पेपरात बघू नका’ सांगण्यात गेली, आणि यांचा पासवर्ड काय? स्वतःचं नाव, पुढे एक-दोन-तीन. मला कसा कळला? जिन्यात उभे राहून बायकोला ओरडून सांगत होते — ती वर, हे खाली, मधल्या सगळ्या मजल्यांची दारं उघडी. मी म्हटलं, गुरुजी, बदला तो. बदलला लगेच. आता एक-दोन-तीन-चार आहे. आणि वरची डॉक्टरीण — एवढी शिकलेली बाई, लोकांची पोटं उघडून परत शिवते — तिला मेसेज आला, तुमचं पार्सल अडकलंय, इथे दाबा. दाबलं. पार्सल मागवलंच नव्हतं! मी विचारलं, मग दाबलंत कशाला? तर म्हणाली, वाटलं, कोणीतरी पाठवलं असेल. — एरवी मी बोललो असतो. त्या दिवशी तिची पिशवी वरपर्यंत पोचवून आलो.

मी त्यातला नाही. मी या इमारतीतला सगळ्यात बंदिस्त इसम. अनोळखी फोन उचलत नाही. ओळखीचा येत नाही. त्यामुळे तसा धोका कमीच. पासवर्ड लांबलचक, जुन्या पद्धतीच्या शुद्ध मराठीत, इंग्रजी अक्षरांत ठोकलेला — चोराला आधी व्याकरण शिकावं लागेल. आणि ते दुसऱ्या पायरीचं — पासवर्ड टाकला की फोनवर आकडे येतात, ते टाकल्याशिवाय आत घेत नाहीत — ते मी केव्हाच लावून ठेवलंय. मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. आमच्या कार्यालयात जुन्या कागदांच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, दोन कुलपांचं. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी लेखापालाकडे. दोघं हजर असल्याशिवाय उघडायचं नाही, हा नियम. आता त्या लेखापालाची आणि माझी बोलचाल बंद — कारण विचारू नका, त्यालाही आठवत नसेल — तरी रोज सकाळी त्या कपाटासमोर खांद्याला खांदा लावून उभे राहायचो. मी माझी किल्ली फिरवली की तो त्याची. तो रजेवर गेला की मला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. बोलत नव्हतो, तरी. तर सांगायचं म्हणजे, या मशीननं जेव्हा विचारलं की आकडे कोणत्या नंबरवर पाठवू, तेव्हा मी क्षणभरही अडखळलो नाही. दोन्ही किल्ल्या एकाच माणसाच्या खिशात ठेवायच्या नसतात. मी हिचा नंबर दिला.

— हिचा म्हणजे आमच्या मिसेसचा. — नाही, आता नाही. ती गेली. — हो, गेली म्हणजे तेच. — नंबर चालू आहे ना, चालू का नसेल, मी रिचार्ज करतो. विसरत नाही. — असं? म्हणजे मी विसरलो तर कंपनी तो नंबर काढून घेईल आणि दुसऱ्या कोणाला देऊन टाकेल? मग माझे आकडे त्याच्या खिशात. हे मात्र मला माहीत नव्हतं. एखादा ट्रकवाला जेवायला बसलाय आणि त्याच्या खिशात — छे. नाही विसरणार. म्हणून तर लेकीनं तुम्हाला स्वतःचा नंबर घालायला सांगितलंय? आईचा काढा आणि माझा घाला? अगदी असंच म्हणाली? ‘काढा’?

बरोबर आहे म्हणा तिचं. चहा टाकू का? दूध आहे. — नको कसं, तुम्ही चोर पकडायला आलात, पोलीससुद्धा चहा घेतात. — बरं, राहिलं. आधी हे काय फिरवलंत माझ्याकडे? थांबा, जवळचा चष्मा लावतो. — ही यादी कसली? कोण कधी शिरलं त्याची? आणि ही जागा म्हणजे — आपलीच इमारत? मग चोर जिन्यात बसत असणार. गुरुजींचं वायफाय तर धर्मशाळाच आहे, कोणीही या — नाही? आमचंच वायफाय? बरं, मग आमच्या वायफायवरून जिन्यात बसून. — मशीनही हेच, म्हणताय? हा माझाच कॉम्प्युटर? अरेच्चा. प्रत्येक वेळी हेच? — मशीनं बिघडतात हो. तुमचं दुकानच त्यावर चालतं. — काय करताय? चाचणी? नको, ते दाबू नका! आकडे मागवू नका, मी सांगतो ना तुम्हाला, उगाच कशाला —

— दाबलंत.

बसा, बसा. उठू नका. आत कोणी नाही. दचकलात तुम्ही, चूक नाही तुमची. ‘अहो, बघा हो, कोणाचं आलंय!’ — हेच ऐकलंत ना? तो फोन आहे. शिवणाच्या मशीनवर ठेवलाय, खिडकीपाशी, तिथे नेटवर्क बरं असतं. तिचाच आवाज. मेसेज आला की असा वाजतो. काय झालं, आम्ही दोघांनी एकाच दिवशी एकसारखे फोन घेतले — दुकानदार म्हणाला जोडीवर सूट आहे — आणि दोन्हींचा आवाज एकच. टुंग झालं की मीही उठायचो, तीही उठायची, दारात टक्कर. ‘तुमचं असेल.’ ‘तुझं असेल.’ शेवटी वैतागून तिनं भाचीला बसवलं आणि स्वतःचा आवाज त्यात घालून घेतला. मी म्हटलं, अगं, आधीच दिवसभर तू ओरडतेस, आता फोनकडूनही? मागे नळ चालू आहे, ऐकू आला असेल. आणि शेवटी ती हसते — भाचीनं काहीतरी तोंड केलं होतं — ते हसू पुरतं आलेलं नाही. तिथेच संपतं ते.

बघू नका असे माझ्याकडे. तुम्ही हुशार आहात, तुम्हाला यादी पाहूनच कळलं असणार. पण लक्षात घ्या, मी काही ठरवून केलेलं नाही. ती गेल्यावर तिच्या फोनवर पहिल्यांदा पुष्कळ यायचं — साड्यांचे सेल, गुडघ्याचं तेल, ‘आपण भाग्यवान विजेत्या आहात’. मग कमी होत गेलं. माणूस गेलं की जाहिरातवालेसुद्धा हळूहळू नाद सोडतात. मग एक दिवस मी रिपोर्ट बघायला खातं उघडलं आणि आतून ही. माझ्या तोंडून ‘आलो गं’ गेलं. गेलं म्हणजे गेलंच, काय करणार? उठलो, आत गेलो, आकडे बघितले, इथे येऊन टाकले. आणि काम झाल्यावर खात्यातून बाहेर पडलो — पडायचं असतं, सगळीकडे लिहिलेलं असतं, काम झाल्यावर बाहेर पडा. नियम आहे. मी पाळला. मग परत शिरायचं तर परत आकडे. मग जरा — जरा जास्त वेळा पाळला. सगळे नियम लोकांनी माझ्यासारखे पाळले तर तुमचं दुकान बंद पडेल.

— हो, माहीत आहे मला. तो आवाज काढून माझ्या फोनवर टाकता येतो. मिनिटाचं काम. तुम्ही चांगल्या मनानं सांगताय. पण मग तो मी वाजवणार. बटण दाबलं, बोलली. परत दाबलं, परत बोलली. ती काय दारावरची घंटा आहे? आत्ता कसं — मी आकडे मागवतो आणि इथे वाचत बसतो. कधी लगेच येतात, कधी नेटवर्कची लहर फिरते. मी पान उलटतो. कशात तरी अडकतो. विसरतो मागवलेत ते, खरंच विसरतो — आणि आतून हाक येते. अहो. मला आता ‘अहो’ म्हणणारं कोण आहे? लेक बाबा म्हणते, गुरुजी साहेब म्हणतात, हे मशीन ‘प्रिय ग्राहक’ म्हणतं. — तुम्ही म्हणालात मघाशी, ‘अहो काका’. ते वेगळं. त्याला काका जोडलेलं होतं.

तुमचा फोन वाजतोय. घ्या ना, माझ्यामुळे खोळंबा नको. — कोण? माझी लेक? तुम्हाला केलाय? मला सकाळपासून नाही केला. असू दे, बरोबर आहे, रिपोर्ट तज्ज्ञाकडून घ्यायचा असतो. थांबा, थांबा, लगेच उचलू नका. काय सांगणार तुम्ही तिला? असं सांगा की, बाहेरचा कोणीतरी होता, बंदोबस्त केला, काळजी नको. — ती विचारेल, कुठला, कसा. ती सोडणारी नाही. आणि खरं सांगितलंत तर संध्याकाळच्या आत इथे हजर. ‘बाबा, तुम्ही एकटे राहायचं नाही.’ मला उचलून तिच्या घरी नेईल, त्या पाहुण्यांच्या खोलीत, जिथे उशीचे अभ्रेसुद्धा भिंतीला शोभणारे आहेत. हा फोनही नेईल, टाकून नाही देणार, तशी नाही ती. जपून ठेवेल. बंद करून. मऊ फडक्यात गुंडाळून. मग मी तिथे बसणार आणि सुरक्षित असणार.

— थांबला वाजायचा. — लागला परत. घाबरली की ती अशीच, लागोपाठ. शाळेत निकालाच्या दिवशी मला कार्यालयात असेच फोन करायची, सगळा विभाग ओळखायचा. मघाशी काय म्हणालो मी, तिला मीटिंग सोडून उठावं लागतं म्हणून? तिला उठवणारा मीच. मी इथे बसून एक बटण दाबायचं, आत आई बोलणार, आणि तिकडे पोरीचा जीव टांगणीला. हे आधी ध्यानात यायला हवं होतं. अर्जाची चौकट-चौकट तपासून सह्या करणारा मी — नाही आलं. द्या इकडे. द्या म्हणतो ना.

— हं. मी बाबा. — ते आहेत ना इथेच, मीच हिसकावून घेतला. — हो. सापडला. — नाही, गेलं काही नाही, सगळं जागच्या जागी आहे. — बाहेरचा नाही गं. — कोण म्हणजे, मीच. मी मागवत होतो ते आकडे. — नाही, चुकून नाही. तसं काही नाही, डोकं ठिकाणावर आहे, काल तारीख विचारली होतीस, सांगितली ना बरोबर? — कशाला म्हणजे — आईच्या फोनवर येतात ते. तिच्या फोनवर मेसेज आला की काय वाजतं, तुला माहीत आहे ना? — हां. तेच. — मला ते... ऐकतेयस ना? हॅलो? हॅलो, बाळा?

— कट नाही झाला. हे बघा, सेकंद पळताहेत. ती आहे तिकडे.

तो नंबर काढू नका. तिचाही घालू नका, आज काहीच करू नका. तुम्ही निघा आता. — तुमचा फोन? हो, तुमचाच आहे, खरंय. मग जरा जिन्यात थांबा. दार नुसतं ओढून घ्या.