खड्ड्याची जोडी

पाथरीच्या तहसीलीसमोर रोजगार हमीच्या कामाला माणसं घेत होते. माझी एसटी चुकली होती, म्हणून मी लिंबाच्या सावलीत टेकलो होतो. रांगेत एक म्हातारी होती. तिच्या मागं एक म्हातारा येऊन उभा राहिला.

“बाबा, एकलेच आलाव?”

“एकलाच. मेंढरं इकली. आता हमीचंच काम.”

“एकल्याला खड्डा देत न्हाईत. गड्यानं खणायचं, बाईनं पाटी वाहायची. जोडी लागती.”

“ठावं हाय. मागल्या उन्हाळ्यात बानू वाहायची. माझी बायकू. गेली.”

“आमचं माणूस बी गेलं. काल मला तसंच माघारी लावलं.”

“घरी कोण हाय?”

“ल्योक पुण्याला. दिवसभर भिंतीशी किती बोलावं?”

“नाव काय तुमचं?”

“केवळाबाई. पण नावानं हाक मारणारं कुणी ऱ्हायलं न्हाई.”

“मी खणतो. पाटी उचलता का?”

“लोकं नावं ठिवतील.”

“ठिवू द्या. तेवढंच कुणी आपल्याबद्दल बोलंल.”

दोघांची पाळी आली. मुकादमानं विचारलं, “बाबा, नाव?”

“येडबा.”

“जोडीला?”

“बानूबाई.”

मुकादमानं लिहून घेतलं. दोघं बाजूला झाले.

“चुकलं, बाई. त्वांडात तेच बसलंय. सांगतो त्येला.”

“ऱ्हाऊ द्या.”

“पण तुमचं नाव ऱ्हायलं की.”

“ऱ्हाऊ द्या म्हनलं ना.”

थोड्या वेळानं मुकादमानं हजेरी घेतली.

“येडबा!”

“हाय.”

“बानूबाई!”

म्हातारा खाली बघायला लागला.

“हाय,” केवळाबाई म्हणाली.