काठोकाठ भरलेला ब्रेक

लोकांच्या जुन्या गाड्या चालत नाहीत म्हणून रडवतात. माझी मोटरसायकल थांबायलाच फार उत्सुक!

जुनी जपानी गाडी, मीच नवी करून उभी केलेली. थोडी पळाली, की पुढचा डिस्क ब्रेक आपोआप धरायचा. परदेशी मालाची आयात तेव्हा नुकतीच खुली झालेली, म्हणून नवे पॅड तिकडून मागवले, पिस्टन साफ केले. फरक शून्य. बायकोनं बजावलं, “पापनाशमला माझ्या भावाकडे धड पोचली तर ठीक, नाहीतर विकायची.”

तिला मागे बसवून निघालो. अर्ध्या वाटेत, कालव्यापाशी, चाक जाम. डिस्कला हात लावला तर चटका.

“ब्रेकमध्ये तेल किती घातलंत?” तिनं विचारलं.

“काठोकाठ. तेलाचा व्यापारी मी, माप कमी भरीन?”

“दूध तापवायचं भांडं काठोकाठ भरतात का हो?”

मी हँडलवरच्या ब्रेक-तेलाच्या डबीचं झाकण उघडलं. तेल फसकन उसळलं आणि चाक मोकळं! तापून फुगलेल्या तेलाला जागाच नव्हती. थोडं काढून टाकलं आणि थेट पापनाशम गाठलं. गाडी वाचली.

मेव्हण्यानं कॉफीचा टंबलर काठोकाठ भरून पुढे केला.

बायको म्हणाली, “अण्णा, थोडी कमी कर. ह्यांचं चाक धरतं.”