सांधा घट्ट पाहिजे

— नाही, नाही, तो ठेवा खाली, तो डब्बा पाहूनच मले चीड येते. वर रंगीत चित्र पाहिलं, चमचम पाहिली, की उचलला! मुलगी पण अशीच पाहता का तुम्ही, फोटोवरून? — हसू नका, मी गंमत नाही करून राहिली. शेवंताआत्यानं तुम्हाले सांगितलंच असेल, आमची दीपमाला जरा फटकळ आहे पण मनाची चांगली आहे. पहिलं बरोबर आहे. दुसऱ्याची हमी आत्यानं कोणाच्या भरवशावर दिली, ते तिलेच माहीत. आणि हिंदीत काहून उत्तर देऊन राहिले, यशदीपजी? तुमच्या बायोडाटात तर मातृभाषा मराठी लिहिलं आहे. — समजते, पण बोलता येत नाही. हव. मग 'समजणारी भाषा मराठी' असं लिहायचं होतं. बोला, हिंदीतच बोला, मले काही फरक नाही पडत, आमच्या गुढियारीत अर्धी घरं अशीच चालतात — माय मराठीत ओरडते अन् पोट्टे हिंदीत ऐकून घेतात.

कॉफीचं म्हणता तर मले कॉफी आवडत नाही. आत्याचं काय जाते, मॉलच्या वरच्या मजल्यावर बसा, अर्धा तास बोला, एकमेकांचे छंद विचारा — बाप्पा! मी रेल्वेत रिझर्व्हेशनच्या खिडकीवर बसते, दिवसभर काचेच्या पलीकडे माणूसच असतो, कोणाले खालचा बर्थ पाहिजे, कोणाले खिडकी पाहिजे, अन् सगळ्यायले वाटते की ही बाई मुद्दाम देऊन नाही राहिली. आता रविवारी पण टेबलाच्या पलीकडे माणूस पाहायचा का? म्हणून म्हटलं, मले खेळण्याच्या दुकानातून एक वस्तू घ्यायची आहे, चला, पाहायचं तर तिथेच पाहा मले. तुम्ही आलात. याच्या आधीचे दोघं तर सरकत्या जिन्यावरूनच परत गेले. तर उभे आहात तसे ऐका. — श्रावणी, ते तिन्ही डब्बे काढ गं इकडे काउंटरवर, अन् साहेबाले जरा लांब उभं कर, ते डब्बा हलवून पाहून राहिले, नारळ हलवावा तसे.

हे पाहा. तीन कंपन्या आहेत, तिन्ही एकच धंदा करतात — गाडीचा माणूस, माणसाची गाडी. मोडा, वळवा, जोडा, की ट्रकचा रोबोट उभा. लोक जमवतात, कपाटं भरतात, इंटरनेटवर एकमेकायच्या अंगावर धावून जातात की माझी कंपनी चांगली, तुझी भिकार. मी सांगते, तिन्ही भिकार आहेत, पण भिकारपणातही फरक असते. हा लाल डब्बा, आर्मोरा. सगळ्यात जास्त खपते. काहून? जाहिरात येते म्हणून. चित्रात पाहा, कसा छाती काढून उभा आहे, अन् आत? हात मागच्या बाजूनं पोकळ. पोकळ! भरलं वांगं म्हणायचं अन् मसालाच नाही घालायचा. रंगाच्या जागी स्टिकर चिकटवले, अन् आपल्या रायपूरचा मे महिना पाहिल्यावर स्टिकर राहते का? कोपरा उचलते, त्याच्याखाली भनपुरीच्या कारखान्यायची ती काळी धूळ बसते, मग घासत बसा. अन् सांधे गोळीचे — म्हणजे वाटीत गोळी बसवली, बस — चार दिवस ठीक, मग ढिले. हात वर केला की खाली, वर केला की खाली, निवडणुकीनंतरच्या कार्यकर्त्यासारखा. हा ज्यानं बनवला त्याले कोणीतरी विचारा, बा, तू स्वतः कधी हातात घेतला होता का?

हा निळा, गियरसेन, जपानी. याचे भक्त वेगळे. पांढरे हातमोजे घालून डब्बा उघडतात, व्हिडिओ काढतात, मग काचेत ठेवतात, मग हात नाही लावत. अरे, वळणारी वस्तू घेतली अन् वळवायची नाही, तर मातीचा मोर घ्यायचा होता! सांधा चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. टक-टक करत फिरते, जिथे थांबवला तिथे थांबते. पण तुकडा एकेक नखाएवढा, पुस्तिका जपानीत, अन् घाम गाळून सगळा ट्रक जोडला की शेवटच्या पानावर चित्र काढून दाखवते — आता रोबोटचे पंजे उपसा अन् बाजूले ठेवा. पंजे! बाजूले! मग बदललं काय डोंबल? अन् एवढं करून मिरवते कसा, तर आम्ही खेळणं नाही बनवत, कला बनवतो. माझ्या घरी हात बाजूले काढून ठेवणाऱ्या वस्तूले जागा नाही.

तिसरा हा काळा. टर्बोमॉर्फ. चोर आहेत, सरळ चोर. जपान्याची नक्कल करतात, नाव बदलतात, अन् पायात धातू भरतात म्हणजे उचलल्यावर वाटते, वा, वजन आहे. माणसं पण अशीच फसतात, वजनाले. याचं सोनेरी प्लॅस्टिक तर कपाटात बसल्या बसल्या भुरभुरते, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं. पण — आता हा 'पण' मले म्हणायले लाज वाटते — पण याचा सांधा घट्ट असते. लय घट्ट. अंगठा दुखते. म्हणून मी तिन्ही समोर ठेवून दरवेळी इथे उभी राहते अन् दरवेळी शिव्या देत चोराचाच माल घेऊन जाते.

काय? — कोणासाठी म्हणजे? भाच्यासाठी? मले भाचा नाही. तुम्हाले पण तेच वाटलं ना, बाई खेळण्याच्या दुकानात म्हणजे कोणाचं तरी लेकरू असेलच मागे? बाबासाठी. माझ्या बाबासाठी घेऊन राहिली. झालं समाधान?

आता असं तोंड नका करू. बाबा, म्हणजे मारोतीराव, रेल्वेच्या वॅगन शॉपात फिटर होते, रिटायर झाले, आई गेली, अन् तिचं वर्षही झालं नव्हतं तर बाबाले लकवा मारला. उजवी बाजू. पाय लवकर आला, हात नाही आला. फिजिओवाली मॅडम यायची, गोड आवाजाची, 'अंकलजी, बॉल दबाइए, शाबाश अंकलजी'. हिरवा रबराचा बॉल. बाबानं तो डाव्या हातानं खिडकीतून फेकला, शेजारच्या छपराच्या कवेलूवर अजून असेल. मले म्हणे, मी काय नवसाचं पोट्टं आहो का, शाबाश म्हणायले? मग बसून राहायचे. दिवसभर. हात मांडीवर ठेवलेला, जसा दुसऱ्याचा सांभाळायले दिला आहे. मी ड्युटीवरून यायची तर सकाळी जसे सोडले तसेच. जेवायचे नाही, कारण डाव्या हातानं सांडते अन् मी भरवलेलं चालत नाही. नातेवाईक यायचे, पेरू आणायचे, अन् दारातच मले बाजूले घेऊन सांगायचे की आता असंच राहील, मनाची तयारी कर. सगळेच डॉक्टर. आत्या तर म्हणे, बाई ठेवून घे अन् तू आपलं पाहा.

अन् दिवाळीत ऑफिसात चिठ्ठ्या टाकल्या, एकमेकायले भेटी द्यायच्या होत्या, तर मले कोण्या शहाण्यानं ट्रक दिला. लाल, हाच, आर्मोराचा. मी चिडून टेबलावर फेकला. बाबानं पाहिला. म्हणे, हे काय आहे? म्हटलं, याचा माणूस होते म्हणतात. म्हणे, कुठून होते? अन् डाव्या हातानं उचलला, उलटा केला, सुलटा केला, मग पहिल्यांदा, यशदीपजी, पहिल्यांदा तो उजवा हात आपणहून मांडीवरून उठला अन् टेबलावर आला. ट्रक पकडून ठेवायले. उघडला नाही ट्रक. बाबानं त्याले वॅगन शॉपातल्या अशा अशा शिव्या दिल्या की मी स्वयंपाकघरात तोंडाले पदर लावून हसली — पदर नव्हता, ओढणी होती — अन् रडली पण, पण ते सोडा. दुसऱ्या दिवशी मी घरी आली तर ट्रकचा एक हात बाहेर होता. एकच. बाबा माझ्याकडे पाहून राहिले होते, जसं पोट्टं पहिला नंबर घेऊन येते. मग रोज संध्याकाळी मी चहा मांडायची, ते एका बाजूले, मी एका बाजूले, अन् मधात तो ट्रक. ढिला झाला तर मी दुसरा आणला. मग तिसरा. 'दीपा, हा गुडघा कुठून वळते गं?' — 'बाबा, मागून.' — 'मागून कोणाचा गुडघा वळते, गाढवायनं बनवला आहे!' असं. आईच्या मागे आमच्या घरात एवढं बोलणं कधीच झालं नव्हतं.

म्हणून सांधा घट्ट पाहिजे. बोटाले ताण पडला पाहिजे. कंपनी, डब्बा, सोनेरी-चंदेरी, त्याच्याशी मले काही घेणं नाही.

अन् म्हणून माझी अट. आत्यानं सांगितली की नाही? नसेल सांगितली, ती अटी शेवटी सांगते, साखरपुड्याच्या दिवशी. लग्नानंतर बाबा माझ्यासोबत राहतील. तुमची भिलाई असो की कुठे असो. जिन्यावरच्या त्या दोघायच्याही आधी एक घरी आले होते पाहायले, बिलासपूरचे, बँकवाले, बाबा टेबलावर रोबोट घेऊन बसलेले पाहून हसले, म्हणे, अंकलजी का तो बचपन लौट आया. मी त्यायले चहा पिऊ दिला नाही. कप हातातून घेतला, खरंच घेतला. त्यायच्यानंतर आला त्यानं अट ऐकली अन् त्याले एकदम आठवलं की त्याची आई आजारी असते. तुमची आई कशी आहे? ठणठणीत? मग काही दुसरं कारण शोधून ठेवा, वेळ आहे.

— काय म्हटलं?

मागच्या रविवारी? तुमच्या घरी, भिलाईले? बाबा आले होते? — आत्यासोबत. बरं. मले तर म्हणाले, विहारात कार्यक्रम आहे, उशीर होईल. — स्कूटर चालवत आले. हव, चालवतात ते, शहरात चालवतात, पण भिलाईपर्यंत... अन् तुमच्या आईच्या हातातून ट्रे घेतला अन् स्वतः सगळ्यायले चहा दिला. — कोणत्या हातानं?

उजव्या.

माहीत आहे मले. मले काय नवीन सांगून राहिले? सुधरला हात, कधीचाच सुधरला, नारळ फोडतात त्या हातानं, विहारात पोरायले कॅरम शिकवतात. मी म्हटलं का की नाही सुधरला? मी म्हटलं ताण पाहिजे. सवय ठेवावी लागते. मागे एक आणला तो उघडलाच नाही त्यायनं, डब्ब्यातच आहे. म्हणे, पोरी, आता नको आणू, मले रोज समोर बसवून ठेवू नको. बसवून ठेवू नको! जसं मी दोरीनं बांधलं होतं. मग मी त्याच्यापेक्षा कठीण आणला. म्हटलं, कुठेतरी अडेल, हाक मारतील. नाही मारली. चपला घातल्या अन् गेले. मी बसते मग टेबलावर, चहा घेते, एकटीच वळवते, होते माझ्याकडून, सगळे होतात, काही कठीण नाही त्याच्यात, मूर्ख लोकायचे मूर्ख खेळणे...

अन् अजून काय सांगितलं बाबानं तुमच्या घरी? — नाही, आता सुरू केलं तर बोला. बोला ना. हिंदीतच बोला.

...

येणार नाही म्हणे. तुमच्या आईनं म्हटलं, भाऊ, तुम्ही पण या राहायले, तर म्हणे, नाही, माझी अट नाही कोणतीच, पोरीची असेल तर ती मी सोडवतो, मी माझ्या पाऱ्यात, माझ्या मोहल्ल्यात बरा आहो. — असं म्हणाले? 'सोडवतो' म्हणाले? — हसून म्हणाले.

म्हणजे तुम्हाले सगळं माहीत होतं. लकवा, हात, अट, सगळं. अन् इथे उभे राहून मान हलवून राहिले, मले बोलू देऊन राहिले. तमाशा पाहायले आला होतात का? मगाशीच सांगता आलं असतं. जिन्यावरच सांगता आलं असतं. — ऐकायचं होतं. काय ऐकायचं होतं? — ते मराठीत बोलले तुम्ही आता. नका बोलू. चुकीचं बोलता, 'तुमच्याकडून ऐकायचा होता' नाही म्हणत कोणी, 'ऐकायचं होतं' म्हणतात.

श्रावणी, ठेव गं हे तिन्ही जागेवर. — नाही, काळा पण नको. कोणताच नको. तू काहून पाहून राहिली माझ्याकडे, दुसरं गिऱ्हाईक नाही का दुकानात?

अन् तुम्ही घरी सांगा, मुलगी आवडली नाही. सरळ सांगा, फटकळ आहे, खेळण्याच्या दुकानात उभं करून भाषण दिलं. खोटं नाही काही त्याच्यात. अन् बाबाले फोन नका करू. मी टेबलाचं बोलली ना मगाशी — एकटी बसते ते — ते नका सांगू. बाकी सगळं सांगा, ते नका सांगू. बाबाशी मी बोलीन. मी स्वतः बोलीन, आज.

नाही, सोडायले यायची काही गरज नाही. मी गुढियारीत वाढली आहो, मले ऑटो मिळते. लिफ्ट त्या बाजूले आहे. जयभीम.