आपापला पार्ट

भोसरीहून चाकणला आम्ही चौघं माझ्या गाडीनं जातो, आणि चौघंही वेगवेगळे पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांत. परवा गाडी धक्के द्यायला लागली. शिफ्टला उशीर होत होता, पण आधी वाद!

क्लच प्लेट बनवणारा संतोष म्हणाला, "क्लच नाहीच राव, प्लग बघ."

प्लगच्या कंपनीतला दिलीप भडकला, "प्लग कशाला जातील? फ्युएल पंप गेलाय."

फ्युएल पंपवाला रमेश म्हणाला, "पंपाला नावं ठेवू नको भावा, क्लचच आहे."

निघोज्याजवळ गाडी बंदच पडली. बॉनेट उघडलं, तर एअर फिल्टर धुळीनं गच्च. त्यावर नाव माझ्याच कंपनीचं. तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "फिल्टर ओके आहे राव, रस्ता रिजेक्ट करा."