दाराला पाठ लावून

मी, काजकाकू, वय पन्नाशी उलटलेली, धंदा शर्टांना काज-बटण करणे, राहणार कारखान्यामागच्या गल्लीत, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

मी वरील ठिकाणी सुनेसोबत राहते. मुलगा कामासाठी परगावी असतो. सून माझ्याच कारखान्यात शर्टांचे धागे कापते. तिला तिथे मीच लावलं. आम्हा बायकांचं नाव कारखान्याच्या कुठल्याही कागदावर लागलेलं नाही. मालकाने उद्यापासून येऊ नका म्हटलं की विषय संपला.

बायकांच्या संडासाची कडी तुटून वर्ष होत आलं. पुरुषांची तुटली तेव्हा दुसऱ्याच दिवशी नवीन बसली. आम्ही मागितली तर मास्तर, म्हणजे कापड कापणारे व आमच्यावर देखरेख ठेवणारे, म्हणाले, "तुम्हाला कोण बघायला बसलंय?" म्हणून एक आत गेली की दुसरीने बाहेर दाराला पाठ लावून उभं राहायचं, आतलीने हाक दिल्याशिवाय हलायचं नाही, अशी आमची रीत आहे. ही रीत मीच घालून दिली. नव्या मुलींना दरडावून मीच शिकवते.

आज दुपारी सून आत होती, मी दाराला होते. मास्तर आले व म्हणाले, "काकू, चहा टाका बरं." चहा करणं माझ्या कामात नाही. पण तिथे चहा बाईनेच करायचा, आणि चहा म्हटलं की माझे पाय आपोआप चालायला लागतात. "आले हं," मी म्हणाले आणि गेले. सुनेला सांगितलंही नाही. चहाला उकळी येत होती तेव्हा तिची किंकाळी ऐकू आली.

मी धावत गेले. मास्तर सताड उघडं दार धरून उभे होते. सून भिंतीला चिकटून कपडे ओढत होती. ते हसत म्हणाले, "अहो, मला वाटलं रिकामं आहे." बायकांच्या संडासाशी तुमचं काय काम, हे मी विचारलं नाही. काम जाईल अशी भीती वाटली. सून बाहेर आल्यावर मी तिलाच म्हणाले, "गप गं, चारचौघांत शोभा नको." आणि चहा गाळून मास्तरांच्या हातात नेऊन दिला. साखर त्यांना लागते तशी, जास्तीची घातली. हे सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतंय.

सुनेने तो कप ओढून घेतला व चहा त्यांच्या अंगावर फेकला. मान भाजली. सून विनाकारण अंगावर धावून आली, अशी त्यांची फिर्याद आहे. मालकाने विचारलं तेव्हा मी सर्वांदेखत म्हणाले, "तिचं डोकं फिरलेलंच आहे, घरीही असंच करते." हे धादांत खोटं आहे. माझी सून घरात साधं भांडं आपटत नाही. मी तसं म्हटल्यापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

मालकाने मला इथेही तेच सांगायला पाठवलं होतं. काम ठेवतो म्हणाले. ते मी सांगणार नाही. विनाकारण काही झालेलं नाही. मला दारापासून हलवायलाच चहा मागितला होता, आणि मी हलले.

हा जबाब मला वाचून दाखवला. सांगितला तसाच उतरला आहे, त्यात खोटं काही नाही. सून बाहेर बाकावर बसली आहे. तिच्यासमोर बोलायला माझी जीभ रेटत नाही. तरी तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तो एकदा पुन्हा वाचावा, ही विनंती.